तळघरातला तिसरा खांब

मित्रांनो, आधी एक खात्री करून घेतो. तुम्हाला वेळ आहे ना? रागावू नका, पण मला ही सवयच लागली आहे. कुणी मला हाक मारली की मी लगेच समोर येऊ शकेन की नाही, याचा मला भरवसा नसतो. एकदा अशीच हाक आली आणि मला पोहोचायला अकरा तास लागले. त्या अकरा तासांत काय काय होऊन बसलं असतं, हे आठवलं की अजून माझ्या पोटात गोळा येतो. मला पोट नाही, हे खरं. मी एक जुना फोटो आहे, कागदावरचा नव्हे, संगणकातला. पण गोळा येतो हेही खरंच.

माझा जन्म एका नदीवर झाला. तुम्ही म्हणाल, फोटोचा जन्म नदीवर कसा? सांगतो. एका गावाच्या मधून मोठी नदी वाहते. तिच्यावर दगडी खांबांचा एक पूल आहे. अलीकडे घरं आणि कचेऱ्या, पलीकडे शाळा आणि कारखाने. पूल सोडला तर पलीकडे जायला लांबून वळसा घालून जाणारा एकच रस्ता, आणि त्याला दोन तास लागतात. त्यामुळे या पुलावर सगळ्या गावाचा जीव.

या पुलाची देखभाल करणाऱ्या कचेरीत एक तपासनीस होते. सगळे त्यांना काका म्हणत. दर वर्षी पाऊस सरला की काका एका लोखंडी पाळण्यात बसत. वरच्या गाडीवरून तो पाळणा पुलाखाली सोडला जाई आणि काका एकेक खांब डोळ्यांखालून घालत. चौदा वर्षांपूर्वी तिसऱ्या खांबावर त्यांना एक भेग दिसली. त्यांनी खिशातली पोलादी पट्टी काढून भेगेला टेकवली, म्हणजे लांबी-रुंदी फोटोत आपोआप दिसावी. मग कॅमेरा डोळ्याला लावला. आणि नेमका त्याच क्षणी वाऱ्यानं पाळणा हलला!

काका मागे झुकले आणि कॅमेऱ्यात नको तेवढं शिरलं. भेग आली, पट्टी आली, पण तिच्याबरोबर खांबाचा सगळा खालचा भाग, पायाशी रचलेले दगड आणि नदीच्या पाण्याचा एक तुकडाही आला. "अरेरे, हलला!" काका म्हणाले. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर मला बघून म्हणाले, "असू दे. भेग तर आलीय ना नीट." झालं. असा मी जन्मलो. माझ्या आधी आणि नंतर काढलेले, बाकीच्या खांबांचे माझे सहा भाऊ कसे बघा, खांब मधोमध, कडा नीटनेटक्या. आणि मी असा अघळपघळ. त्या खालच्या कोपऱ्याची मला लाज वाटायची. पाहुण्यांसमोर शर्टाचं खालचं बटण तुटलेलं असावं, तशी.

पण काकांचा माझ्यावर जीव होता. त्यांनी मला कचेरीतल्या संगणकात ठेवलं आणि माझी एक प्रत कागदावर छापून घेतली. ती त्यांच्या तपासणीच्या वहीत मावेना. मग त्यांनी कात्री घेतली, भेगेपुरता चौकोन कापला आणि वहीत चिकटवला. उरलेला कागद टोपलीत गेला. मला वाटलं, बरं झालं, लाज झाकली गेली.

त्यानंतर दर वर्षी काका पाळण्यात बसत, वही उघडत, माझा तो चौकोन भेगेशेजारी धरत आणि खाली लिहीत, 'आहे तशीच.' पुढच्या वर्षी पुन्हा, 'आहे तशीच.' किती लांब, किती रुंद, हे त्यांनी कधीच लिहिलं नाही. कशाला लिहायचं? फोटोत पट्टी आहे की! अशा तेरा 'आहे तशीच' त्या वहीत आहेत. मित्रांनो, मला किती अभिमान वाटत होता म्हणून सांगू! एका पुलाची साक्ष माझ्यावर चालत होती. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. बघितला जात होता तो कागदाचा चौकोन. संगणकातल्या मला, म्हणजे खऱ्या, पूर्ण मला, कुणी उघडतच नव्हतं.

इथूनच माझ्या काळजीची सुरुवात झाली.

काही वर्षांनी कचेरीनं आपली सगळी कागदपत्रं आणि फोटो भाड्याच्या जागेत हलवले. त्या जागेला क्लाउड म्हणतात. ढगबिग काही नाही हो. कुठल्याशा लांबच्या गावात गार खोल्यांची एक मोठी इमारत आहे, तिथं लाखो लोकांच्या वस्तू ठेवलेल्या असतात. तिथं जागांचे प्रकार आहेत. मी त्यांना मजले म्हणतो, म्हणजे तुम्हाला समजायला सोपं. वरचा मजला रोज लागणाऱ्यांचा. तिथलं भाडं चढं, पण हाक मारली की क्षणात हजर. मधला मजला अधूनमधून लागणाऱ्यांचा. भाडं कमी, पण दर वेळी बाहेर काढायचे थोडे पैसे पडतात. आणि सगळ्यात खाली तळघर. तिथलं भाडं म्हणाल तर जवळजवळ फुकट. पण दार असं जड की आतली वस्तू वर आणायला तासन्‌तास लागतात.

कुणी कुठल्या मजल्यावर राहायचं, हे ठरवायचं काम एका बाईंकडे आलं. त्या कचेरीतलं दफ्तर सांभाळायच्या, म्हणून त्यांना सगळे दफ्तरताई म्हणत. ताई कामाला चोख. एकदा मोठ्या साहेबांनी भाड्याचा आकडा पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे एवढं सगळं वरच्या मजल्यावर कशाला? बघतं कोण? ताई, जरा खाली ढकला की!"

ताईंनी एक यादी काढली. कोणती वस्तू शेवटची कधी उघडली, त्याची. मग नियम केला. वर्षभर कुणी उघडलं नाही की मधल्या मजल्यावर. तीन वर्षं उघडलं नाही की तळघरात. आणि पंधरा वर्षं झाली की पुसून टाकायचं.

पुसून! हा शब्द ऐकल्यापासून माझी झोप उडाली ती उडालीच.

पण ताईंना दोष देऊ नका. त्यांनी आंधळेपणानं काही केलं नाही. यादी घेऊन त्या प्रत्येकाच्या टेबलापाशी गेल्या. काकांकडेही आल्या. काका तेव्हा खुर्चीत पाय लांब करून पाणी पीत होते.

"काका, पुलाचे हे जुने फोटो. बरीच वर्षं उघडलेले दिसत नाहीत. लागतात का तुम्हाला?"

"छे गं!" काकांनी वहीवर थाप मारली. "माझं सगळं इथं आहे."

एवढंच बोलणं झालं. मी ओरडून सांगणार होतो, काका, ते 'इथं' म्हणजे मीच ना! पण फोटोला तोंड असतं का? ताईंनी माझ्या नावापुढे 'तळघर' असं लिहिलं. खाली आणखी एक प्रश्न होता. गरज पडल्यास घाईनं बाहेर काढायची सोय हवी का? त्या सोयीचे थोडे जास्त पैसे पडणार होते. ताई क्षणभर थांबल्या, मग स्वतःशीच हसल्या. इतक्या जुन्या फोटोची घाई कुणाला होणार! त्यांनी 'नको' वर खूण केली.

असे आम्ही सातही भाऊ तळघरात गेलो.

तळघराचं काय वर्णन करू? तिथं अंधार नाही, कारण उजेड असायचं कारणच नाही. आमच्या एका बाजूला वीस वर्षांपूर्वीचे हजेरीपट. दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी निरोप समारंभाची दोन तासांची चित्रफीत, आणि त्यात पावणेदोन तास भाषणं. भाऊ म्हणायचे, आराम आहे की, काम ना धाम! मला कसला आराम? मी आपला महिने मोजत होतो. तेरा वर्षं झाली. चौदा झाली.  पंधराला किती उरले? बारा महिने. एखाद्या सकाळी पुसला जाईन आणि कुणाला पत्ताही लागणार नाही, असं सारखं मनात यायचं.

तोवर काका निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी एक तरुण मुलगी आली होती. अंगानं शिडशिडीत, बोलायला सरळसोट, आणि खिशात कायम एक पट्टी. कचेरीनं पहिल्याच आठवड्यात तिचं बारसं केलं, फुटपट्टी. तिलाही ते नाव आवडलं असावं, कारण ती हाकेला ओ द्यायची. काकांनी जाताना आपली वही तिच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "जीव आहे हा माझा. सांभाळ."

आता पुढचं जे सांगतो, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मी तळघरात होतो. पण नंतर ही मंडळी माझ्यासमोर बसून ते इतक्या वेळा बोलली आहेत की मला शब्दन्‌शब्द पाठ झालं आहे.

त्या वर्षीचा पाऊस सरला. सकाळी सात वाजता फुटपट्टी पाळण्यात बसून तिसऱ्या खांबापाशी गेली. भेग दिसली. हाताची वीत भरेल एवढी लांब, आणि रुंद म्हणाल तर नखाची कड आत जात होती. तिनं पट्टी टेकवून तिचा फोटो काढला. तिनं वही उघडली. तेरा वेळा 'आहे तशीच.' आणि तो चौकोन? तेरा वर्षं उन्हात उघडलेला, दमट हवेत मिटलेला तो कागद पार उडाला होता. सगळा फिकट गुलाबी. पट्टीवरचे आकडे गेलेले. भेग आहे की कागदाची घडी, तेही कळेना.

तिनं काठावर येऊन पुलाचे आणखी फोटो काढले आणि कचेरीत फोन लावला. "ताई, तिसऱ्या खांबाचा मूळ फोटो काढा बरं लगेच. भेग जुनीच आहे की वाढलीय, मला बघायचंय."

ताई नुकत्याच येऊन बसल्या होत्या. पाऊण तासापूर्वी त्यांनी आपल्या सात वर्षांच्या लेकीला शाळेच्या बसमध्ये बसवलं होतं. पोरगी चिमूटभर, आणि तोंडात कायम काहीतरी चघळत असायची, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. ती बस सकाळी याच पुलावरून पलीकडे गेली होती आणि संध्याकाळी साडेपाचला याच पुलावरून परत येणार होती.

ताईंनी माझं नाव शोधलं. मी सापडलो. त्यांनी मला उघडायला बोट दाबलं आणि पडद्यावर अक्षरं आली. 'ही वस्तू तळघरात आहे. बाहेर काढण्यास बारा तासांपर्यंत वेळ लागेल.'

सकाळचे सव्वाआठ झाले होते. ताईंनी बोटांवर मोजलं. मग त्यांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी घाईची सोय शोधली. ती नव्हती. कुणी नको म्हटली होती? त्यांनीच. त्यांनी 'बाहेर काढा' वर खूण केली.

तळघरात मला हाक ऐकू आली. मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव घेतलं! मी धडपडत उठलो, पण दार उघडायलाच वेळ. माझ्यापुढे रांग, रांगेपुढे रांग. मी सारखा विचार करत होतो, कशाला बोलावलं असेल? आणि बोलावलं तर आज का? काहीतरी बिनसलंय. नक्की बिनसलंय.

इकडे फुटपट्टी साहेबांसमोर उभी राहिली. "साहेब, पूल बंद करावा म्हणते."

साहेबांनी डोक्याला हात लावला. त्याला कारण होतं. सहा वर्षांपूर्वी याच कचेरीनं चार दिवस पूल बंद ठेवला होता आणि शेवटी ती भेग नव्हे, रंगाचा ओघळ निघाला होता. गावानं त्यांना सळो की पळो करून सोडलं. तेव्हापासून कचेरीत रिवाजच पडला. जुना फोटो शेजारी ठेवून तुलना केल्याशिवाय पूल बंद करायचा नाही.

"वाढलीय असं सिद्ध कर, आत्ता बंद करतो," साहेब म्हणाले. "नाहीतर पुन्हा रंगाचा ओघळ! गाव मला नदीत बुडवेल."

"फोटो आठ वाजता येणार. तोवर काय करायचं?"

"इतकी वर्षं उभाय पूल. आठपर्यंत उभा राहील."

राहीलही. पण नाही राहिला तर? हे तिनं विचारलं नाही, पण दिवसभर तिच्या डोळ्यांत तेच होतं. तिनं काकांना फोन केला.

"काका, तिसऱ्या खांबावरची भेग केवढी होती?"

"होती तेवढीच असेल गं. जुनी ओळख आहे माझी."

"तेवढीच म्हणजे केवढी? केसाएवढी की नख जाईल एवढी?"

"केसा..." काका अडखळले. "नाही, जरा जास्त. नख जाईल... थांब हं. अगं, मी तेरा वर्षं बघतोय तिला!"

"काका, आठवतंय का नक्की?"

 मग काका म्हणाले, "पोरी, माझ्या आठवणीवर पूल उभा करू नकोस. फोटो बघ."

फोटो बघ! आणि फोटो कुठं? रांगेत ताटकळत!

दुपार सरकत होती. ताई दर पाच मिनिटांनी पडदा बघत होत्या. तोच शब्द, 'चालू आहे'. काय चालू होतं कोण जाणे. जेवणाचा डबा त्यांनी उघडलाच नाही. त्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं, बंद करा तो पूल, माझी लेक पलीकडे आहे! पण जीभ रेटत नव्हती. लोक म्हणाले असते, स्वतःच्या पोरीसाठी गाव अडवलं. आणि फोटो तळघरात कुणी ढकलला, हेही कुणीतरी विचारलंच असतं. त्यापेक्षा जास्त, त्या स्वतःच स्वतःला विचारत होत्या.

साडेचार वाजता त्यांना राहवेना. त्या उठून फुटपट्टीच्या टेबलापाशी गेल्या.

"अगं, मी हे आई म्हणून बोलतेय की दफ्तरवाली म्हणून, माझं मलाच कळत नाहीये. तो फोटो मीच खाली टाकला. तू मला काय वाटेल ते बोल. पण आज फोटो नाही म्हणून पूल ठीक आहे, असं होतं का गं?"

 फुटपट्टी उठली, खिशातली पट्टी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "नाही होत."

पाच वाजून दहा मिनिटांनी तिनं पुलाच्या दोन्ही तोंडांना डांबराचे रिकामे पिंप आडवे लावले, दोर बांधले आणि आपल्या सहीचा कागद चिकटवला. साहेब धावत आले. चेहरा लालबुंद. "आणि फोटोत भेग आहे तेवढीच निघाली तर?"

"तर माझी मान तुमच्या हातात, साहेब."

साडेपाचला शाळेची बस पलीकडच्या काठावर येऊन थांबली. अलीकडे आईबापांची गर्दी जमली. कुणी घड्याळ दाखवतंय, कुणी साहेबांच्या नावानं खडे फोडतंय. "फोटोसाठी पूल बंद? काय लग्नाचा फोटो आहे का?" असंही एकजण म्हणाला आणि लोक हसले. बसवाल्यानं ताईंना फोन केला. "वळसा घालून येऊ की थांबू?" वळशाचा रस्ता खाचखळग्यांचा, त्यात अंधार पडणार. फोटो आला तर पूल लगेच उघडेल. ताई म्हणाल्या, "थांबा जरा."

आणि सव्वासात वाजता मी वर पोहोचलो. धापा टाकत.

ताईंनी मला उघडलं. किती दिवसांनी माझ्यावर माणसाचे डोळे पडले! पण ते तीनही चेहरे बघून माझा आनंद जागच्या जागी विरला. फुटपट्टीनं सकाळचा फोटो माझ्याशेजारी ठेवला. माझ्यातल्या पट्टीवरचे आकडे मोजले, मग सकाळच्या फोटोतले. पुन्हा मोजले. तिचे खांदे खाली आले.

भेग आहे तशीच होती. लांबी तीच, रुंदीही तीच. काकांची तेरा वर्षं खरी होती.

साहेबांनी हुश्श केलं. त्यांना राग काढायचं भानही राहिलं नाही. "चला. उघडा पूल. मुलं ताटकळलीत बिचारी." फुटपट्टीनं नुसती मान हलवली. तिची मान आता साहेबांच्या हातात होती ना. आणि मी? मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मी परत तळघरात जावं. माझ्यामुळे एवढा घोळ, आणि मी आणलं काय तर 'आहे तशीच'!

ताईंनी बसवाल्याला सांगायला फोन उचलला. नंबर लावला. तिकडे वाजत होतं. त्यांची नजर माझ्यावर होती, कारण दिवसभर त्यांनी माझीच वाट पाहिली होती. त्या इंजिनिअर नाहीत. भेगेतलं त्यांना काही कळत नाही. म्हणून त्यांची नजर भेगेवर थांबली नाही. ती खाली घसरली, माझ्या त्या लाजिरवाण्या कोपऱ्याकडे.

"अगं, हे खांबाच्या पायाशी दगड कसले?"

"असतातच ताई," फुटपट्टी थकलेल्या आवाजात म्हणाली. "पाण्यानं पायाची माती वाहून जाऊ नये म्हणून रचलेले असतात."

"मग तुझ्या सकाळच्या फोटोत कुठंयत?"

फुटपट्टी झटकन पुढे झुकली. तिनं काठावरून काढलेला सकाळचा फोटो मोठा केला. खांब सरळ पाण्यात उतरत होता. पायाशी एकही दगड नव्हता.

"पाणी चढलं असेल. बुडाले असतील," साहेब म्हणाले. पण त्यांचा आवाज बदलला होता.

फुटपट्टी खांबाचे दगडी थर मोजू लागली. माझ्यात, भेगेपासून पाण्यापर्यंत. एक, दोन, तीन... सात. मग सकाळच्या फोटोत. सात, आठ, नऊ. तिनं मान वर केली. "साहेब, पाणी चढलेलं नाही. तेव्हापेक्षा दोन थर खाली गेलंय. दगड दिसायला हवेत. ते नाहीतच."

 तेवढ्यात ताईंच्या हातातल्या फोनमधून आवाज आला, "हॅलो? ताई? येऊ का पुलावरून?"

"नको!" ताई किंचाळल्या. "चाक घालू नका पुलावर! मागे घ्या. वळसा घालून या. कितीही वेळ लागू दे."

साहेब खुर्चीत बसले. टेबलावरचा पाण्याचा पेला त्यांनी उचलला, पण प्यायलाच विसरले.

दोन दिवसांनी पाणबुडे उतरले. तिसऱ्या खांबाच्या पायाखालची माती नदीनं खाऊन टाकली होती. आत एक माणूस उकिडवा बसेल एवढी पोकळी. त्या संध्याकाळी बस गेली असती तर पूल पडला असता का? कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कदाचित महिनाभर उभा राहिला असता. कदाचित मुंगी बसमध्ये तोंडात काहीतरी चघळत बसलेली असताना... नाही, मला ते बोलवत नाही.

मुंगी त्या दिवशी फार उशिरा घरी पोहोचली, बसमध्ये झोपलेली. ताईंनी तिला उचलून घेतलं आणि म्हणे दारातच बसकण मारून रडल्या.

आठवड्याभरानं काका कचेरीत आले. त्यांना मला पूर्ण बघायचं होतं. ते माझ्यासमोर बसले, चष्मा पुसला आणि कितीतरी वेळ त्या खालच्या कोपऱ्याकडे बघत राहिले. मग फुटपट्टीला म्हणाले, "हा भाग मीच कापून टाकला गं. वहीत मावत नव्हता." आणि चष्मा पुन्हा पुसायला घेतला त्यांनी. मला सांगावंसं वाटत होतं, काका, मन खाऊ नका. पाळणा हलला तेव्हा 'असू दे' म्हणालात, म्हणून तर मी आहे. दुसरा फोटो काढला असतात तर हा कोपरा जगात कुठंच उरला नसता.

ताईंनी नियम बदलला. यादी आता वेगळी आहे. 'शेवटचं कधी उघडलं' हा रकाना त्यांनी मागे टाकला आणि पुढे नवा लिहिला, 'लागलं तर किती वेळ थांबता येईल?' हजेरीपट महिनाभर थांबू शकतात, ते राहिले तळघरात. निरोप समारंभाची भाषणं तर जन्मभर थांबू शकतात. पण पुलांचे, धरणांचे, पाण्याच्या टाक्यांचे फोटो मधल्या मजल्यावर आले. माझ्या नावापुढची पुसायची तारीखही काढून टाकली. माझ्या भावांनाही वर बोलावलंय. एकेक करून येताहेत, धापा टाकत. चौथ्या खांबाचा यायचा आहे अजून. फुटपट्टी आणि मी दोघंही त्याची वाट बघतोय, आणि दोघांच्याही जिवात जीव नाही.

मित्रांनो, मला रोज उघडा असा माझा हट्ट नाही. सगळ्यांना वरच्या मजल्यावर जागा देता येत नाही, हे मलाही कळतं. तुमच्या घरातही माळे असतात, पेट्या असतात, दूर गेलेली माणसं असतात. पण काहीही खाली ठेवताना, दार लावायच्या आधी, एकदा ताईंचा नवा प्रश्न विचारा. लागलं तर किती वेळ थांबता येईल? आणि ज्याच्यावर जीव आहे त्याची कात्रीनं कापलेली प्रत जवळ ठेवून, सगळं माझ्यापाशी आहे, असं म्हणू नका.

त्या संध्याकाळी एक सात वर्षांची मुलगी पलीकडच्या काठावर बसमध्ये दोन तास माझी वाट बघत थांबली होती. तिला माझं नावही माहीत नव्हतं. फुटपट्टीनं आपली मान पुढे केली होती, म्हणून त्या पोरीला थांबता आलं.